दार फुगलं की पाऊस

सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. माझा मुलगा म्हणतो, "आई, पाऊस पडून गेला की मग तू सांगतेस, मला आधीच कळलं होतं." बरं बाबा. आता आधी लिहिते, मग पडू दे. नातीची शाळेतली जुनी वही सापडली, अर्धी कोरी. भरलेल्या अर्ध्यात गणितं आहेत आणि त्यांच्यावर लाल फुल्या. माझ्यावर फुली मारायला कुणी मास्तर उरला नाही. मी दोन इयत्ता शिकले, पुढे घरात हात कमी पडले. अक्षर पायाने काढल्यासारखं येतं. वाचायचं मलाच आहे, तेव्हा लाज कसली.

आमचा धंदा विटांचा. पुढे मोकळं मैदान, तिथे विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टीत घालायच्या. मागे टेकडी आणि मध्ये आमचं घर. कच्च्या विटेवर पावसाचे चार थेंब पडले तरी तिचा पुन्हा चिखल होतो. म्हणून विटा झाकायच्या कधी आणि उघड्या ठेवायच्या कधी हे आमच्या घरात मी सांगते. आधी माझी सासू सांगायची. रेडिओवाला सांगतो ते गावाला. आमच्या मैदानाला मी.

यंदा नदीकाठची माती संपली, नुसते गोटे निघायला लागले. मग टेकडीची माती मीच दाखवली. चिमूटभर तोंडात घालून पाहिली, एक खडा दाताला लागला नाही. लोण्यासारखी माती आणि तीही परसात! आणायला गाडी नको. मुलगा खूश. आता घराच्या मागे टेकडीचा पाय सरळ कापत आणलाय, उभी भिंत झालीय. आमच्या मागच्या खोलीपासून कापलेल्या जागेपर्यंत एक खाट मावेल, बस.

आजचं भाकीत. मुंग्या निघाल्या. मागच्या भिंतीच्या बुडातून, अंडी तोंडात धरून, काळी दोरी सोडावी तशा. मुंगीने अंडी हलवली की पाऊस, हे कुणालाही ठाऊक आहे. एवढंच की दरवर्षी त्या वर माळ्यावर चढतात. यंदा स्वयंपाकघरातून सरळ पुढच्या दाराने बाहेर पडल्या आणि मैदानाकडे गेल्या. उंच जायचं सोडून सपाटीला! मुंग्यांनाही हल्ली अक्कल राहिली नाही.

मुलाला सांगितलं, झाक. ऐन कोरड्या दिवसांत पाऊस म्हटल्यावर तो हसला. पण झाकलंन.

बुधवार

पुढचं दार फुगलं. सुनेने ढकललं, मी ढकललं, शेवटी मुलाने खांदा लावला तेव्हा उघडलं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, म्हणजे पाऊस दारात. ही सासूबाईंची शिकवण. बाई मरून गेली, दार अजून तिचंच ऐकतं.

फक्त मिठाने घोळ घातलाय. पाऊस यायचा असला की बरणीतलं मीठ ओलं होतं, चमच्याला चिकटतं. आज पाहिलं तर खडखडीत. सुनेला विचारलं, "बरणी बदललीस का?"

"नाही हो. मीठ तेच, बरणी तीच, सूनही तीच."

तोंड फार चालतं तिचं. माझ्याकडूनच शिकली, तेव्हा काही बोलता येत नाही.

शनिवार

पाऊस नाही. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं लख्ख. झाकलेल्या विटांना घाम फुटलाय, वाळायचं नाव नाही. मुलाने सकाळी ताडपत्र्या ओढून काढल्या आणि विटांचा एक थर माझ्यासमोर बोटाने दाबून दाखवला. बोट आत गेलं.

"हे बघ आई. लोणी."

"येईल पाऊस. मुंगी खोटं बोलत नाही."

"मुंगीला सांग, दवाखान्याची भिंत उभी करायचीय या विटांनी. महिनाअखेरीस माल हवाय त्यांना. उशीर झाला की ते दुसऱ्या भट्टीवाल्याकडे जातील, मग आपण या विटा एकमेकांच्या डोक्यात घालू."

यंदाची भट्टी मोठी आहे, मला कळतं. ती नीट निघाली तर त्याला पुढची दोन वर्षं कुणाच्या दारात काम मागत फिरायला नको. नाही निघाली तर मैदान सोडावं लागेल. म्हणून तर सांगतेय. वैऱ्याला कुणी झाक म्हणून सांगेल का?

रविवार

सुतार आला दार तासायला. तासलं, लावलं, पुन्हा अडकलं. खालून तासलं तर वरून अडकतं. मग दोरीला खिळा बांधून तो चौकटीसमोर धरून उभा राहिला, जणू चौकटीची दृष्ट काढतोय.

"आजी, दार फुगलेलं नाही. लाकूड कोरडं ठाक आहे. चौकट तिरकी झालीय."

"चाळीस वर्षं सरळ होती, तू आल्यावर तिरकी झाली होय?"

"माझं काय जातं. पण घर बसलंय का बघा एका अंगाला."

"घर बसलं नाही, तू बसलायस. चहा हवा असेल तर सरळ सांग."

चहा प्यायला, गप झाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. जाताना म्हणतो, सध्या दार पूर्ण लावू नका, लावलंत तर बाहेरून पहारीने काढावं लागेल. मी म्हटलं, पाऊस येऊन गेला की लाकूड आपोआप आटेल, मग बघू.

मुलगा हे ऐकत होता. मागे जाऊन कापलेल्या जागेपाशी उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "ही भट्टी निघाली की मागे दगडाची भिंत घालून घेतो." घाल की. पण त्याने आजही तिथलीच माती काढली. दुसरीकडे कुठे आहे माती?

मंगळवार

काल नात आली बाळाला घेऊन. नवरा बोटीवर, सहा महिने पाण्यात. बाळ अजून मान धरत नाही, पण आवाज असा की भट्टीवरची माणसं काम थांबवून बघतात. त्यांना मागची खोली दिली, तीच गार आहे.

नात सकाळी म्हणते, "आजी, भिंतीतून कुणीतरी दात खातं."

"उंदीर असतील."

"उंदीर कुरतडतात गं. हे दात खाणं आहे. थांबून थांबून."

"मग मोठे उंदीर असतील."

खरं सांगायचं तर या घरात उंदीर दिसून बरेच दिवस झाले. मांजर उपाशी मरतेय आणि माझ्या पायात येते. उंदीर गेले म्हणजे तेही पाऊस ओळखून गेले असणार.

सुनेवर चिडले आज. चूल सरळ ठेवत नाही. पातेल्यातलं दूध एका बाजूला काठाला टेकलंय आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली. ती म्हणते चूल होती तिथेच आहे. कांदा खाली पडला तो घरंगळत मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. नात हसली, "आजी, तुझे कांदे पण माहेरी निघाले." मीही हसले.

गुरुवार

विहिरीचं पाणी गढूळ. ऐन कोरड्या दिवसांत, ढवळलं नाही, उपसलं नाही, तरी चहासारखं. मी खूश झाले, हे तर पक्कं लक्षण. जमिनीखालचं पाणी हललं की वरचं खाली येतं.

दुपारी शेळीवाली आली. माझ्याच वयाची, पण दात जास्त आणि अक्कल कमी. गेली किती वर्षं तिच्या शेळ्या टेकडीवर चरतात. आज खाली रस्त्याकडेने नेत होती.

"काय गं, टेकडी विकली की काय तुझ्या शेळ्यांनी?"

"चढतच नाहीत बाई. मारलं, ओढलं, पालाही दाखवला. पायथ्याशी येतात आणि खिळ्याने ठोकल्यासारख्या उभ्या राहतात."

"पाऊस येणार. जनावराला कळतं."

"येईल बाई. पण पाऊस यायचा तर शेळी आडोसा शोधते. या उघड्यावर जाऊन बसतात."

मी म्हटलं, तुझ्या शेळ्या तुझ्यावर गेल्यात. ती गेली तशी मी ओट्यावर बसून सगळं मोजत बसले. आणि एक गंमत ध्यानात आली. वरच्या खुणा सगळ्या नाही म्हणतात. धूर सरळ वर जातो, मीठ कोरडं, चंद्राला खळं नाही, चिमण्या धुळीत लोळत नाहीत, माझे गुडघेसुद्धा गप्प. आणि खालच्या खुणा सगळ्या हो म्हणतात. मुंग्या, उंदीर, विहीर, दार, शेळ्या. आभाळ एक सांगतं आणि जमीन दुसरंच. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई असत्या तर विचारलं असतं. ती म्हणाली असती, तुला काय कळतंय, भांडी घास.

मी जमिनीच्या बाजूने आहे. आभाळ लांब आहे, त्याला काय पडलंय आमचं. जमीन पायाखालची, ती कशाला फसवेल?

मुलाला पुन्हा झाकायला लावलं. रडून लावलं, खोटं कशाला लिहू. मला रडता येत नाही, पण कांदा चिरत होते ते कामी आलं.

रविवार

पाऊस नाही. झाकलेल्या विटांचे खालचे तीन थर बसले. उचलायला गेले तर हातात वाकल्या. मुलगा मैदानात उकिडवा बसला, डोकं धरून. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाला, "आई, आता नको. मुंगी नको, दार नको, काही नको. तू बोलूच नकोस या विषयावर. एवढं कर माझ्यासाठी."

तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. तो हळू बोलला.

बरं. तोंड शिवलं. या वहीत लिहीन, बोलणार नाही. उद्या प्रळय आला तरी म्हणणार नाही, भिजशील.

त्याने आता जास्त माणसं लावली. बसलेल्या विटा भरून काढायच्या तर माती दुप्पट हवी. दिवसभर मागे कुदळी चालू आहेत. प्रत्येक घावाला फडताळातले कप किणकिणतात. बाळाला तो आवाज आवडतो, डोळे मोठे करून ऐकतं.

मंगळवार

मागच्या खोलीत कोपऱ्यात भेग पडलीय, वरपासून खालपर्यंत. नातीने तिच्यात कंगवा घालून पाहिला, कंगवा राहिला आत. पोरीने बाळ उचललं, गादी उचलली आणि सरळ मैदानातल्या शेडमध्ये जाऊन झोपली, विटांच्या साच्यांशेजारी.

"अगं, उघड्यावर लेकरू?"

"उघडं कुठे, वर पत्रा आहे. इथे दात तरी कुणी खात नाही."

"भित्री आहेस. आईवर गेलीस."

"आई, ऐकलंस का गं," तिने सुनेला हाक मारली. सून म्हणाली, "ऐकलं. तिथे जागा असेल तर मीही येते." दोघी हसल्या. हसण्यात जीव नव्हता.

आमची लंगडी कुत्रीही शेडमध्ये गेली. तेरा पावसाळे ती माझ्या खाटेखाली झोपलीय. आज दाराशी आली, उंबरा हुंगला आणि मागे फिरली. मी हाक मारली तर शेपटी हलवली, पण आली नाही. म्हातारपणी जनावरही घरातल्या माणसांसारखं वागायला लागतं.

तोंड शिवलंय.

शुक्रवार

शेळीवालीची एक शेळी सुटून वर गेली, तिला आणायला ती टेकडीवर चढली होती. धापा टाकत आली. म्हणते, माथ्यावर जमीन फाटलीय. या टोकापासून त्या टोकापर्यंत, धनुष्यासारखी वाकडी भेग. हात घातला तर कोपरापर्यंत गेला, तळ लागला नाही.

मला इतकं बरं वाटलं. जमिनीने तोंड उघडलं की ती पाणी मागते, आणि मागितलं की मिळतं. जुनी माणसं उगाच सांगत नव्हती. आता एकच खूण उरली होती, तीही आली.

मुलगा मात्र ते ऐकून पांढरा पडला. "कोपरापर्यंत?" त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "परवा भट्टी पेटवतो. तेवढी लागली की माती काढणं बंद. सोमवारी दगडवाल्याला बोलावतो." शेळीवाली म्हणाली, "तोवर सगळे माझ्याकडे या झोपायला. शेळ्यांचा वास येईल, पण माणसं जगली आहेत त्या वासात."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले असते तर गेला असता. पण कशाला? वर फाटलंय ते पाण्यासाठी. आणि याच मुलाने मला सांगितलंय, बोलू नकोस. मी वाटाणे सोलत राहिले.

रविवार, दिवेलागण

आला!

आला, आला, आला! दुपारनंतर वारा पडला, टेकडीमागून ढग आले, काळेशार, म्हशीसारखे. पहिली सर पडली तेव्हा मी ओट्यावर उभी होते आणि माझ्या तोंडाचे टाके आपोआप तुटले. मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले, "झाका रे!"

आणि झाकलं. सगळ्यांनी धावून झाकलं. मुलाने काल संध्याकाळीच मुकाट्याने ताडपत्र्या जवळ आणून ठेवल्या होत्या, म्हणजे मनातून मानत होता माझं. एक वीट गेली नाही. भट्टी अर्धी पेटली होती, तीही वाचली. मुलगा चिंब भिजून माझ्यापुढे आला, हात जोडले. सगळ्या कामकऱ्यांसमोर.

"चुकलो, आई. तू सांगत होतीस."

या वयात माणसाला आणखी काय हवं असतं? मी म्हटलं, "मुंगीचे आभार मान."

तो हसला. किती दिवसांनी हसला. मग शेडकडे बघून म्हणाला, "काय करायचं? पोरीला शेडमध्येच राहू देऊ, का शेळीवालीकडे धाडू? तू सांग. आता तू सांगशील तसं."

शेडचा पत्रा एका बाजूने उडायला लागला होता. बाळ गारठून निळं व्हायचं. भिजत शेळीवालीकडे जायचं तर रस्त्यात गुडघाभर पाणी. मी म्हटलं, "सगळे घरात. चाळीस वर्षांचं घर आहे, पावसाला घाबरून बाहेर राहतं का कुणी? पावसाचंच भ्या होतं ना? तो आला. आला म्हणजे संपलं."

नात कुरकुरली. "आजी, मागच्या खोलीत नाही हं."

"नको मागच्या खोलीत. इथे मधल्या खोलीत माझ्याशेजारी. माझं ऐकून कुणाचं वाईट झालंय?"

आली. बाळाला माझ्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलंय, उजव्या हाताने लिहितेय. सुनेने चहा ठेवलाय. मागून पाण्याचा आवाज येतो, टेकडी पाणी पितेय घटाघटा. मधूनच ते दात खाणंही ऐकू येतं, आता जरा मोठ्याने, पण पावसात सगळंच मोठं वाटतं. मीठ बघितलं, शेवटी ओलं झालंय. म्हणजे आभाळ आणि जमीन एकदाची एका शब्दावर आली.

पुढचं दार वाऱ्याने आपटत होतं. मुलगा आणि सून दोघांनी खांदा लावून घट्ट बसवलं. सुतार म्हणाला होता लावू नका, पण पाऊस आत येत होता. उद्या सकाळी कुणाला तरी हाक मारू, बाहेरून पहारीने काढेल.

उद्या मुलाला हे सगळं वाचून दाखवणार, पहिल्या सोमवारपासून. एकही फुली मारायला जागा ठेवली नाही मी.

लंगडी तेवढी आत आली नाही. खिडकीच्या गजांतून दिसतेय, मैदानाच्या मधोमध पावसात उभी आहे आणि घराकडे तोंड करून भुंकतेय. मी हाका मारल्या, चहातलं बिस्कीट दाखवलं. नाही. भुंक म्हणावं. कुत्र्याला पावसातलं काय कळतं.